पेन्शनीत निघालेल्या माणसांचा अर्ज

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)



मागच्या महिन्यात आमच्या गटाच्या मीटिंगला एक मावशी उशिरा आल्या. हप्ता वेळेवर आणला होता, पण चेहरा उतरलेला होता. त्यांचे यजमान मिलिटरीतून हवालदार म्हणून पेन्शनीत निघालेले, दिवाळीनंतर वारले. पेन्शन आता मावशींच्या नावावर व्हायची होती. पण पलटणीच्या कागदावर मावशींचं नाव एक आणि आधार कार्डावर दुसरं. लग्नात सासरच्यांनी नाव बदललेलं. यजमानांनी पलटणीत नोंद करताना मात्र माहेरचं नाव सांगितलेलं. चाळीस वर्षं संसार झाला, कुणाला काही अडलं नाही. माणूस गेल्यावर कागद विचारायला लागला, की यातली बायको कोणती?

मावशी म्हणाल्या, "ते बॉर्डरवर होते तेव्हा मी घर सांभाळलं, शेत सांभाळलं, सासूचं दुखणं काढलं. आता मीच मी आहे, हे मला सिद्ध करायचंय."

त्या दिवशी घरी जाताना माझ्या मनात आलं, की लढणाऱ्या माणसाचा आणि त्याच्या घरच्यांचा हा कागदाशी झगडा काही आजचा नाही. तो आपल्याच शिवारातून सुरू झालेला आहे. म्हणून आज तुम्हाला एका अर्जाची गोष्ट सांगते. पेन्शनीत निघालेल्या साध्या शिपायांनी, हवालदारांनी एकत्र येऊन केलेल्या अर्जाची.

सुरुवात शिरूरपासून करू. आपल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी अजून शिरूरला 'घोडनदी' म्हणतात. दोनशे वर्षांपूर्वी या घोडनदीच्या काठी इंग्रज कंपनीच्या फौजेची मोठी छावणी होती. १८०९ साली इथं वारलेल्या कर्नल वॉलेस नावाच्या साहेबाच्या कबरीला आसपासचे लोक सत्पुरुषाची समाधी मानून नैवेद्य दाखवत, अशी नोंद जुन्या गॅझेटियरमध्ये सापडते. साहेबाची कबर राहिली, तिच्यावर नैवेद्यही चढला. पण छावणीत पोट भरायला आलेली हजारो माणसं आपल्याच मुलखातली होती, आणि त्यांची नावं मात्र फार थोडी उरली.

त्यातली काही नावं उरली ती एका लढाईमुळं. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटनच्या हाताखाली सुमारे आठशे माणसं शिरूरहून पुण्याकडं निघाली. रात्रभर पंचवीस-सत्तावीस मैल चालली. आज आपण एसटीनं तासाभरात जातो, तोच रस्ता. १ जानेवारी १८१८ ला सकाळी ती भीमेकाठच्या कोरेगावला पोचली, तर समोर पेशव्यांची फौज. दिवसभर लढाई झाली. कंपनीच्या बाजूचे मेलेले, जखमी आणि बेपत्ता मिळून पावणेतीनशेच्या आसपास माणसं गेली. पेशव्यांकडचीही शेकड्यांनी पडली. दोन्हीकडं आपल्याच मातीतली माणसं होती, आणि दोन्हीकडं घरी वाट बघणाऱ्या बायका होत्या.

या लढाईचा अर्थ काय लावायचा, यावर आजही लोक वेगवेगळं बोलतात. आज मला एवढंच सांगायचंय, की तिथं जो विजयस्तंभ उभा राहिला, त्यावर मेलेल्या ४९ जणांची नावं कोरली गेली. त्यातली २२ नावं 'नाक' या अक्षरांनी संपतात. ही महार शिपायांची नावं. त्या काळी नावापुढं 'नाक' लावायची त्यांच्यात रीत होती. ज्याला गावात पाणवठ्यावर पाय ठेवू देत नव्हते, त्याचं नाव दगडावर कोरलं गेलं. पण दगडावरच्या नावानं घरात रांजण भरत नाही. ते भरायला आणखी बरीच वर्षं आणि बरेच कागद लागले.

आता विचार करा. मुंबई इलाख्याच्या फौजेत महार, मराठा, मुसलमान असे अनेक समाजांचे शिपाई होते. पलटणीत हुद्दा कामावर मिळायचा. महाराचा पोरगा हवालदार व्हायचा, जमादार व्हायचा, सुभेदारही व्हायचा. आणि एक गोष्ट आपल्या बायकांच्या फार जवळची आहे. पलटणीत शाळा असायची. शिपायांच्या मुलांना आणि मुलींनासुद्धा तिथं शिकायला लावायचे. बाबासाहेब आंबेडकरांनीच हे पुढं लिहून ठेवलंय. त्यांचे वडील रामजी सकपाळ हे सुभेदार, आणि पलटणीच्या शाळेत मास्तर होते. गावात शाळेच्या ओसरीलाही ज्यांना जाता येत नव्हतं, त्यांच्या लेकी छावणीत अक्षरं गिरवत होत्या.

मग पेन्शनीचा दिवस यायचा. बाडबिस्तरा बांधून बाप गावी यायचा. छातीला बिल्ला, खिशात पेन्शनचा कागद. बरोबर चार अक्षरं शिकलेली बायका-पोरं. आणि गावात शिरल्यावर काय? तोच महारवाडा, तेच लांबून पाणी, तीच सावली चुकवायची. कालचा सुभेदार आज पुन्हा वेशीबाहेर. त्याच्या बायकोला पाण्यासाठी पुन्हा कुणाच्या तरी दयेची वाट बघत थांबायचं. छावणीत एक जगणं आणि गावात दुसरं.

कोकणात दापोलीला असे पेन्शनीत निघालेले पुष्कळ महार सैनिक राहायला होते. रामजी सकपाळही काही वर्षं तिथं होते. त्यातच एक होते गोपाळबाबा वलंगकर. महाडजवळच्या रावढळ गावचे. १८८६ साली हवालदार म्हणून पेन्शनीत निघाले. जोतिबा फुल्यांचे विचार त्यांच्यापर्यंत पोचलेले होते. दुसरा कुणी असता, तर पेन्शन आली, आता माळ ओढत बसू म्हणाला असता. गोपाळबाबांनी लेखणी धरली. 'दीनबंधू', 'सुधारक' अशा वर्तमानपत्रांत लिहायला लागले. १८८८ च्या सुमारास 'विटाळ विध्वंसन' नावाचं लहानसं पुस्तक काढून त्यांनी प्रश्न विचारले, की हा विटाळ आला कुठून, आणि तो मानायचा कशाच्या आधारावर?

मैत्रिणींनो, 'विटाळ' हा शब्द आपल्याला नवा नाही. महिन्यातले चार दिवस तो आपल्याही वाट्याला आलेला आहे. त्यामुळं एका पेन्शनर हवालदारानं हा शब्द धरून जाब विचारला, तेव्हा त्याला केवढी हिंमत लागली असेल, ते आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

गोपाळबाबा एकटे लढत बसले नाहीत. १८९० च्या सुमारास त्यांनी दापोलीच्या पेन्शनर मंडळींना आणि समाजातल्या माणसांना जमवून एक संघटना काढली. तिचं नाव 'अनार्य दोषपरिहारक मंडळी'. नाव जड आहे, पण काम साधं. आपल्या माथी मारलेला दोष पुसायचा, आणि तो पुसायला सरकारदरबारी आणि समाजापुढं आपलं म्हणणं लिहून मांडायचं. माजी सैनिकांनी एकमेकांना धरून राहायचं, आणि त्याच ताकदीनं सगळ्या वस्तीसाठी उभं राहायचं, असं हे मंडळ होतं. आज आपण संघटना म्हणतो, गट म्हणतो, ते याहून वेगळं काय असतं?

आणि नेमकं त्याच सुमारास मोठा घाव बसला. १८९२-९३ च्या आसपास इंग्रज सरकारनं महारांची लष्करातली भरती बंद केली. साहेब लोकांच्या डोक्यात नवीन खूळ शिरलं होतं, की काही जाती जन्मानं लढवय्या आणि बाकीच्या नाहीत. शिरूरहून रात्रभर चालून आलेली माणसं, दगडावर कोरलेली नावं, सगळं विसरलं गेलं. भरती बंद म्हणजे नुसता पगार बंद नाही. पलटणीची शाळा बंद, मुलींची अक्षरं बंद, उद्याची पेन्शन बंद. गावाबाहेर पडायची एकच वाट होती, ती बंद.

१८९४ मध्ये गोपाळबाबांनी मंडळीच्या नावानं अर्ज तयार केला. आमच्या बापजाद्यांनी इतकी वर्षं इमानानं चाकरी केली, आम्हाला पुन्हा फौजेत घ्या, असं त्यात मांडलेलं होतं. लगेच काही झालं नाही. भरती बंद ती बंदच राहिली. १८९५ साली गोपाळबाबांना महाडच्या लोकल बोर्डावर सभासद नेमलं, तर त्यांच्याबरोबर बसायला वरच्या जातीच्या सभासदांनी कुरकुर केली. १९०० साली गोपाळबाबा वारले. त्यांच्या हयातीत त्यांचा अर्ज काही फळाला आला नाही.

इथं गोष्ट संपली असती. पण अर्जाचं एक असतं. माणूस जातो, कागद राहतो. आणि कागदापेक्षाही, अर्ज कसा करायचा ही रीत मागं राहते.

ती रीत पुढं आपल्या पुणे जिल्ह्यात आली. दौंडला लागूनच पुरंदर तालुका. तिथं सासवडला १९०३ साली ५१ गावांच्या महार मंडळींची सभा भरली. पुढाकार होता शिवराम जानबा कांबळे यांचा. ते स्वतः शिपाई नव्हते, पुण्यात साहेब लोकांकडं नोकरी करायचे. पण मागणी तीच पुढं चालवली. आमच्या पोरांना शाळेत घ्या, नोकऱ्यांत घ्या, लष्करात आणि पोलिसांत घ्या. पुढं १९१० साली विलायतेतल्या मंत्र्यापर्यंत त्यांनी अर्ज पोचवला. ५१ गावं म्हणजे काय, विचार करा. फोन नाही, मोटार नाही. निरोप पायी जायचा. आपल्याला पाच गटांचा मेळावा घ्यायचा म्हटलं तरी किती फेऱ्या होतात!

याच कांबळ्यांनी १९०८ मध्ये 'सोमवंशीय मित्र' नावाचं मासिक काढलं. देवाच्या नावानं मुली सोडायची, त्यांना मुरळी करायची जी चाल होती, तिच्यावर त्यांनी त्यात कडक टीका केली. ते वाचून शिवूबाई नावाच्या एका मुरळीनं पत्र लिहिलं, ते मासिकात छापलं गेलं, आणि पुढं तिचं रीतसर लग्न लागलं. बघा, लष्करात घ्या म्हणून सुरू झालेला अर्ज कुठवर पोचला. माणसं एकदा हक्कासाठी एकत्र बसायला शिकली, की मग घरातल्या बाईचं दुःखही त्या बैठकीत बोललं जातं. आपल्या गटांचंही असंच झालं नाही का? बसलो बचतीसाठी, आणि बोलायला लागलो दारूबद्दल, मारहाणीबद्दल, सातबाऱ्यावरच्या नावाबद्दल.

पहिल्या महायुद्धात सरकारला माणसं कमी पडली, तेव्हा १९१७ मध्ये महारांची पलटण उभी केली. युद्ध संपलं, गरज सरली, आणि काही वर्षांतच ती मोडली. तरुण शिपाई पुन्हा घरी. त्यांच्या हातात आता मोठ्या युद्धाचा अनुभव होता, पण पाणवठा तोच होता.

१ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब आंबेडकर भीमा कोरेगावच्या स्तंभापाशी आले. तीन महिने झाले नाहीत तोच, २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर हजारो माणसं पाणी प्यायला गेली. गोपाळबाबा ज्या मुलखातले, तोच हा मुलूख. त्या गर्दीत पेन्शनीतले जुने सैनिकही होते, आणि पेन्शनर घरांतून वाढलेली पोरंही होती. चालायची शिस्त, हुकमाची शिस्त, हात आवरायची शिस्त त्यांना माहीत होती. त्याच वर्षी डिसेंबरात महाडच्या परिषदेत बाबासाहेब बायकांशी वेगळे बोलले. लुगडं नीट अंगभर नेसा, अंगावरच्या जुन्या खुणा टाका, लेकी शिकवा, असं त्यांनी सांगितलं. पुढं १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. ती आजही भारतीय सैन्यात आहे, आणि आज तिच्यात सगळ्या जातींचे जवान आहेत.

१८९४ चा अर्ज आणि १९४१ ची पलटण. मध्ये ४७ वर्षं. ज्यांनी पहिला अर्ज केला, त्यातल्या बहुतेकांनी हा दिवस बघितला नसेल. पण त्यांनी तेव्हा लिहिलं नसतं, तर मागच्यांना धरायला धागा राहिला नसता.

जगातही असंच झालेलं दिसतं. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेत १९१९ साली आणि इंग्लंडात १९२१ साली माजी सैनिकांनी मोठ्या संघटना बांधल्या. हातपाय गमावलेल्यांना काम, विधवांना मदत, पोरांना शिक्षण, अशी कामं त्यांनी हातात घेतली. आपल्याकडं १९१९ मध्येच सरकारनं सैनिक बोर्ड नेमलं. त्याच्याच पुढच्या रूपातून आज प्रत्येक जिल्ह्याला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. १९४९ पासून दर ७ डिसेंबरला आपण ध्वजदिन पाळतो. शाळेतून पोरं छोटा झेंडा आणतात, आपण दहा-वीस रुपये डब्यात टाकतो. तो पैसा सैनिकांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या मदतीला जातो. पुढच्या वेळी डब्यात पैसे टाकताना पोरांना एवढं नक्की सांगा.

आज शिरूर आणि दौंड, भीमेच्या दोन्ही काठांवर, असं गाव शोधावं लागेल जिथला एकही जण फौजेत गेला नाही. मराठा, धनगर, माळी, महार, रामोशी, मुसलमान, सगळ्या घरांतली पोरं जातात. पहाटे डांबरी रस्त्यावर भरतीसाठी पळणारी पोरं आपण रोज बघतो. दौंडला तर राज्य राखीव पोलीस दलाची वस्तीच आहे. पेन्शनीत आलेली माणसं तालुक्यातालुक्यात संघटना करून आहेत. गावचे लोक त्यांना १५ ऑगस्टला झेंड्याजवळ बोलावतात, नारळ देतात, टाळ्या वाजवतात. पण त्यांचं खरं काम बाकी ३६४ दिवस असतं. कुणाचा फॉर्म भरायचा, कुणाला दवाखान्याच्या कार्डासाठी पुण्याला न्यायचं, कुणाच्या विधवेला ऑफिसची पायरी दाखवायची.

आमच्या मावशींचंही तसंच झालं. तालुक्यातले एक निवृत्त सुभेदार मीटिंगला आले. बाईमाणसांत बसायला आधी संकोचले, मग सतरंजीच्या कडेला बसले. त्यांनी मावशींची पिशवी उलटी केली आणि एकेक कागद वेगळा केला. पेन्शनचा मूळ आदेश, सेवापुस्तक, लग्नाचा दाखला, मृत्यूचा दाखला. दोन नावं एकाच बाईची आहेत, याचं प्रतिज्ञापत्र कसं करायचं, ते सांगितलं. आमच्या गटातली बारावी झालेली सून त्यांच्या शेजारी बसून अर्ज लिहीत होती. मला दापोली आठवली. सव्वाशे वर्षांपूर्वी असाच एक हवालदार कुणाच्या तरी ओसरीवर बसून लिहीत असेल.

जाताना सुभेदार म्हणाले, "ताई, आम्ही बंदूक साफ ठेवायला शिकलो. घरचे कागद साफ ठेवायचे राहून गेले. हे यजमान असतानाच झालं असतं, तर एका कागदात झालं असतं."

म्हणून मैत्रिणींनो, आज ऐकून झाल्यावर एक काम करा. तुमच्या घरात, भावकीत, शेजारी कुणी फौजेत असेल किंवा पेन्शनीत आलं असेल, तर त्यांना विचारा. लाजू नका, अपशकुन समजू नका. पेन्शनच्या आदेशात बायकोचं नाव आहे का? ते आधारवरच्या आणि बँकेतल्या नावाशी अक्षरनअक्षर जुळतं का? जन्मतारीख जुळते का? बँकेत नवरा-बायकोचं एकत्र खातं आहे का? दर वर्षी हयातीचा दाखला कोण देतं, आणि कसा? माजी सैनिकांच्या दवाखान्याची योजना २००३ पासून आहे, तिचं कार्ड बायकोच्या नावानं काढलंय का? फरक असेल तर तो माणूस समोर असतानाच दुरुस्त करून घ्या. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. तालुक्यातल्या माजी सैनिकांना बरोबर घ्या. आणि एकटीला पाठवू नका, गटातली एक जण बरोबर जाऊ द्या.

गटाच्या रजिस्टरमध्ये एक पान यासाठी ठेवा. आपल्या गावात फौजेतली घरं किती, त्यातल्या किती बायकांची नावं कागदावर बरोबर आहेत. आम्ही ठेवलंय. आमच्या गावातली अकरा घरं निघाली. त्यातल्या चौघींची नावं चुकलेली होती, आणि चौघींचेही यजमान सुदैवानं अजून घरात आहेत. आता ते कामाला लागलेत.

मावशींचा अर्ज गेलाय. उत्तर अजून यायचंय. पोचपावती मात्र त्यांनी देवघरात हळदी-कुंकवाच्या करंड्याखाली ठेवलीय. त्या वाचायला शिकलेल्या नाहीत, पण त्या पावतीवर आपली दोन्ही नावं कुठं लिहिलीत, ते त्या बोट ठेवून बरोबर दाखवतात.

पुढच्या वेळी भेटू. तोवर कागद शोधून ठेवा.

नमस्कार.